सोलापूरची चौकशी

नांदेड,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय जगदेवीअक्का,

शरणु शरणार्थ.

मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस, "जो माणूस इतक्यांदा आपली माहिती उघडून बघतो, त्याच्या मनात काय असंल गं?" "रेंज जाऊन राहिली," असं सांगून मी फोन ठेवला. रेंज चांगली होती. अक्का, या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. आठवडाभर विचार केला तरी येत नाही.

फोनवर बोलायला गेले तर तू मध्येच "असू दे" म्हणशील आणि मी थांबेन. म्हणून कागद घेतला. पाकिटावर दुकानाचा पत्ता टाकला आहे, दुपारी तूच असतेस.

मी बरी आहे. इथे थंडी पडली आहे. खोलीवरची मुग्धा पुण्याला गेली, त्यामुळे चटणी आता एकटीला पुरते. अव्वाला सांग, येळवसेच्या अमावस्येला मी येते, पण आंबील मी करणार नाही. मागच्या वर्षीच्या गुठळ्या अजून कुणी विसरलेलं नाही.

येळवसेला उमामावशीच्या शेतात देगलूरचे मल्लिनाथ आणि त्यांची आई जेवायला येणार आहेत, आणि जेवणं झाली की मावशी तुझ्याकडून लग्नाला हो की नाही ते विचारून घेणार आहे, असं अव्वा म्हणाली. तू मावशीला "जरा थांबा" म्हणालीस, हेही म्हणाली. का थांबा, ते अव्वाला ठाऊक नाही. मला आहे.

लातूरचा वधूवर मेळावा आठवतो? तू तिसऱ्यांदा स्टेजवर उभी होतीस. नाव सांगितलंस, शिक्षण बारावी सांगितलंस, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "उंची सांगा, चप्पल काढून." मांडव हसला. तूही हसलीस आणि माईक पुढच्या मुलीच्या हातात दिलास. एसटीतून उदगीरला उतरताना म्हणालीस, "आता परत न्हाई." मी तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते.

इथल्या मुलाखतीत मला विचारलं, लग्न जुळवणाऱ्या ॲपमध्ये तुला काम का करायचंय? मी तो मांडव सांगितला. कुठल्याच बाईला असं उभं राहावं लागू नये, असं म्हणाले. आमचे साहेब अंबरीश सर, इथले वजिराबादचे, शांतपणे ऐकून म्हणाले, "छान. पहिलं वर्षभर असंच वाटतं." मला ते तेव्हा खडूस वाटले.

खरं तर या कामाची गोडी तूच लावलीस. तू बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत होतीस तेव्हा दहावीच्या निकालाला रस्त्यापर्यंत गर्दी असायची. पास झालेल्यांचे मार्क तू मोठ्याने वाचायचीस. कुणी नापास असलं की स्क्रीन वळवायचीस, उठून त्या पोरीला बाजूला न्यायचीस आणि खांद्यावर हात ठेवून हळू सांगायचीस. मी स्टुलावर बसून बघायचे. या कॉम्प्युटरच्या डब्यात दिसतं ते खरंच असतं, असं मला वाटायचं. त्या विश्वासावर मी शिकत गेले.

कामाला लागल्यावर सरांनी मला फोनवर जाणारी वाक्यं मराठीत लिहायला दिली. पुण्याच्या मुख्य ऑफिसातून आलं होतं, "कुणीतरी तुमचा फोटो बघतंय." मी म्हणाले, "सर, हे वाचून आमच्याकडची बाई फोन पालथा घालेल." त्याऐवजी मी लिहिलं, "सोलापूरहून तुमची चौकशी आली आहे." गावाचं नाव आपोआप बदलतं. आपल्याकडे चौकशी येणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. सरांना वाक्य आवडलं. मलाही आवडलं. त्याच आठवड्यात मी तुझी माहिती ॲपवर भरली.

दिवाळीत डबे भरताना तू फोन पुढे केलास. "हे बघ, सोलापूरहून पुन्हा आलंय." नाव बघायचं तर पैसे मागत होतं. मी भरते म्हणाले, तर तू म्हणालीस, "न्हाई गं. एवढ्यांदा बघतोय तर नाव त्यानंच सांगावं. मी का विचारू?" मग आपण नवा फोटो काढायला गेलो. फोटोवाला वैतागला, "ताई, एवढं हसू नका, डोळे बारीक होऊन राहिलेत." तू तरी हसत होतीस.

तो कोण आहे, बरा आहे का, हे गुपचूप बघावं म्हणून नांदेडला आल्यावर मी ऑफिसात तुझं खातं उघडलं. उघडायला नको होतं, पण उघडलं.

सोलापूरहून तुझी माहिती कुणीच पाहिलेली नाही, अक्का. एकदाही नाही.

जे चार दिवस ॲप उघडत नाहीत, त्यांना ते वाक्य जातं. गाव जवळपासचं कुठलंही उचललं जातं. एखादं नाव वाचून माणसानं ॲप उघडलं, की पुढच्या वेळी तेच नाव जातं. सोलापूर आलं की तू उघडायचीस. म्हणून सोलापूर.

त्याच्या मनात काय आहे ते मी कसं सांगू? तो माणूसच नाही. ते एक वाक्य आहे, आणि ते मी लिहिलं आहे. खऱ्या चौकशीलाच जाईल असं समजून लिहिलं होतं.

हे कळून महिना झाला. सांगायला धजले नाही, कारण अव्वा दर फोनला म्हणायची, "जगदेवी आजकाल दुकानात गुणगुणते."

मी अंबरीश सरांकडे गेले. म्हणाले, "सर, हे खोटं आहे."

"बस आधी," ते म्हणाले. "लग्न जुळलं की गिऱ्हाईक जातं, शिवानी. आशेवर असलं की थांबतं. एवढाच धंदा आहे."

"तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटायचं. कॉलेजात असताना मी आणि एका मित्रानं रक्तदात्यांची साईट काढली होती. दवाखान्यातून फोन आला की आम्हीच दात्याला गाडीवर बसवून न्यायचो. एक रुपया घेतला नाही. आता कधी कधी वाटतं, ती पोरं येडी होती का आपण येडे झालो."

"माझी बहीण आहे त्यात, सर."



आमच्याकडे एकट्याला काही बदलता येत नाही, दुसऱ्याची मंजुरी लागते. शुक्रवारी संध्याकाळी मी तो भाग बदलला. खरं कुणी माहिती उघडली तरच वाक्य जाईल, असा केला. मंजुरीसाठी सरांकडे पाठवून त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले.

"वाचून बघा, सर."

"वाचलं तर हो म्हणता येणार न्हाई," ते म्हणाले. न वाचता मंजुरी दिली आणि डबा उचलून घरी गेले.

पुण्याला कळेल. बहुतेक ते पुन्हा चालू करतील. सरांवर येऊ नये म्हणून, बदल माझा आहे असं लिहून मी काल राजीनामा पाठवला. अप्पांना येऊन सांगेन. घरातल्या पहिल्या ऑफिसच्या नोकरीचं त्यांनी चौकात पेढे वाटून कौतुक केलं होतं, ते मला आठवतं आहे.

मल्लिनाथांना हो म्हण, असं मी म्हणत नाही. ते चांगले असतील, नसतीलही. त्यांच्याशी बोल. नाही म्हणायचं तर त्यांच्यामुळे म्हण, सोलापूरमुळे नको. ॲपवरची तुझी माहिती मी काढलेली नाही. ती तुझी आहे, ठेव किंवा काढ. रागाने मला काय वाटेल ते बोल, पण बोल.

किनवटपासून निलंग्यापर्यंत किती घरांत बाया चौकशी का येत नाही म्हणून फोन उचलून बघत असतील. आपण नकोशा झालो, असं कुणाला वाटत असेल. तूही दोन दिवस बघितला असशील. कुणी रुसलेलं नाही, अक्का. तो सोलापूरवाला मी बंद केला.

तुझीच,
शिवानी