गावकीनं घेतलेली मास्तरांची पाहणी

मु. वरची वाडी, पोलादपूर
जि. कुलाबा
शनिवार, ता. १५ नोव्हेंबर १९५८

प्रिय दत्ताराम,

स. न. वि. वि. मी बरा आहे. कशेडी घाटाच्या पायथ्याशी तुझी नवी शाळा सुरू झाली, आनंद वाटला. तुझं पत्र आत्ताच पोचलं. रोजच्या पाठाचं टाचण कसं लिहायचं ते विचारलंस, ते आधी सांगतो, बाकीच्या मजकुराकडे मग येतो.

माझं सगळं बदललं ते तिसरीतल्या चांगूनं तोंड उघडलं तेव्हा. मी विचारलं, "बाप काय करतो?" तो म्हणाला, "काय नाय करीत, मुंबईला हाय." पुढच्याला विचारलं, तेच. त्याच्या पुढचीला, तेच. आणि माझ्या टाचणात त्या दिवशी काय होतं? आगगाडीचे उपयोग. उद्देश, साधने, पूर्वज्ञान, सगळं सुवाच्य अक्षरात. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. टाचण तिथंच फाडलं आणि पोरांना बापाला पत्र कसं लिहायचं ते शिकवायला घेतलं. बाकांवरून कोणी हललं नाही. त्या दिवसापासून मी मास्तर झालो, त्याआधी नुसता पगारी होतो.

तेव्हा आधी पोरांची पाहणी कर, मग टाचण लिही. 'शाळा आवडते का?' असलं विचारू नकोस, सगळी 'होय गुरुजी' म्हणून मोकळी होतात. 'शाळेत येण्याआधी काय केलंस?' असं विचार. एकेकाला बाजूला घेऊन विचार, नाहीतर पहिला जे बोलेल तेच सगळा वर्ग बोलतो. आणि उत्तर हाती आलं की टाचणात त्याला जागा दे. माझ्या पोरी पाणी भरून येतात, पहिल्या तासाला पेंगतात. म्हणून गणित मागे ढकललं, गाणी पुढे घेतली.

एक चूक मात्र माझी झाली, तू करू नकोस. 'घरात गुरं किती, जमीन कोणाची कसता?' हेही मी पोरांना विचारून बसलो. इथं सगळ्यांच्या डोक्यात कूळकायदा, जमिनीचं विचारणारा तो सरकारी मोजणीवाला. दुसऱ्या दिवशी शाळेत चिटपाखरू नाही. मी तावातावानं देवळापुढच्या सहाणेवर गेलो, तर गावकी जमलेलीच होती. हैबती गावकर म्हणाला, "गुरुजी, तुमी शिकवाय आलाव का मोजाय?"

मी म्हटलं, "टाचणासाठी विचारलं."

"मग आदी तुमी सांगा. तुमची जमीन किती? बाप काय करतो? कालेज का सोडलाव?"

पारा चढला होता, पण उठून गेलो असतो तर शाळा बंदच पडली असती. बसलो, आणि एकेक सांगितलं. तुला सांगितलेलं नाही तेही. पुण्यात मी प्रोफेसरांशी भांडून परीक्षा सोडली, असं सगळे समजतात. भांडलो होतो, पण त्यासाठी सोडली नाही. माणगावचे कोणी एका मुलीला बघायला येताहेत असं कळलं आणि मी मिळेल ती गाडी धरून आलो. ते स्थळ आपोआप फिसकटलं. मी परत गेलो नाही.

ठकूबाई म्हातारीनं विचारलं, "आजून हाय का ती मनात?"

"हाय."

"तिच्या बापाला इचारलाव?"

"नाय."

"आनि आमच्या गोठ्यात काय हाय ता इचारताव."

सगळी सहाण हसली. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी पोरं हजर. गुरांचा प्रश्न मी काढून टाकला.

आता तुझ्या पत्रातला बाकीचा मजकूर. शेवटी तू सहज लिहिलंस, 'रविवारी खेडचे लोक तुळसाला बघायला सवला घरी येताहेत, मला रजा नाही.' दत्तू, ती मुलगी तुळसा आहे. तुझी बहीण.

तुला इतके दिवस का सांगितलं नाही? दिवाळीत सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर भेट झाली तेव्हा तीच म्हणाली, "बाबांना तुम्हीच सांगा. दादाला मधे घातलंत तर मी नाही म्हणेन." नाही म्हणाली असती, तुलाही ठाऊक आहे. मी मान डोलावली, आणि तेव्हापासून रोज नवं टाचण लिहिल्यासारखं तुझ्या बाबांशी काय बोलायचं ते मनात मांडतोय. डिग्री नाही, लोकल बोर्डाचा पगार, डोंगरातली शाळा. ते हेच विचारणार. विचारू देत. आहे ते आहे म्हणून सांगेन. नाही म्हणाले तर पुण्याहून पळालो तसा पळणार नाही, सोमवारी शाळा उघडायला इथंच असेन. पण ते नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं.

तू रागावशील. खुशाल रागाव. हे पत्र पोलादपूरच्या पेटीत पडेल आणि मी खेडच्या लोकांआधी सवला पोचायला महाडच्या गाडीत बसलेला असेन. तुझ्या हाती पोचेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

हैबती बाहेर उभा आहे, उतारापर्यंत सोबत येतो म्हणतो. "टोपी सरळ घाला गुरुजी," म्हणाला. घातली. निघालो, दार ओढून घेतो.

पुढं कुठल्या नात्यानं लिहायचं ते तुझे बाबा ठरवतील, आज तरी तुझा मित्रच,

सदाशिव