चार दिवस तुझ्या किनाऱ्यावर

प्रिय धाकट्या,

घरी पोचले एकदाची. बस दोन तास उशिरा सुटली, कारण ड्रायव्हर पाण्यात होता. थट्टा नाही करत. अख्खी बस घामाने निथळत बसलेली आणि हा बाबा ओल्या केसांनी, काखेत ती लाटांवर उभं राहायची फळी घेऊन, हसत हसत आला. म्हणे, आज लाटा काय सुंदर होत्या! एकाही प्रवाशाने ब्र काढला नाही. मी काढला. तर सगळे माझ्याकडेच असे बघायला लागले, जसं काही बस मीच अडवली होती.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. ताई, आज कुणावर खवळलीस, असं म्हणून हसवतोस आणि माझं सांगायचं राहून जातं. चौथीपर्यंतची शाळा माझी, ऱ्हस्वदीर्घाकडे बघू नकोस. मी तुझ्याकडे हवा खायला आले नव्हते रे. शेजारच्या काकूंच्या हातापाया पडून आईला त्यांच्यावर सोपवलं आणि आले, ती तुला घरी न्यायला. चार दिवसांत ते एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. ज्या तोंडाला अख्खी गल्ली घाबरते, त्या तोंडातून! त्याचाच राग आलाय, आणि तो तुझ्यावर काढतेय.

तुझ्या त्या गावात कुणाला कशाची घाई आहे का? न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाईक अर्धी दाढी करून बसलेलं, अर्ध्या गालावर फेस वाळलेला, आणि न्हावी समुद्रात. मी म्हटलं, अहो, उठा की. तर म्हणतो कसा, येईल हो, पाण्याचा काय भरवसा. आमच्या कारखान्यात मी दिवसाला दोनशे बॅगांना चेन लावते. पाच मिनिटं उशीर झाला तर सुपरवायझर अर्धी रजा मांडतो. आणि तुझी ती खोली! गादीत वाळू, उशीत वाळू, चहाच्या कपाच्या तळाशी वाळू. भिंतीला टेकून चार फळ्या नवऱ्या मुलींसारख्या उभ्या, त्यांना तू रोज बसून मेण चोळतोस. इथे आईच्या पाठीला तेल चोळायला माणूस नाही.

बसमधून उतरल्यावर बॅग तुझ्या हातात दिली, तेव्हा काय म्हणालास? ताई, म्हातारी झालीस, दोन पोती एका दमात उचलायचीस की. मी म्हटलं, तोंड सांभाळ. खरं तर तेव्हाच सांगून मोकळं व्हायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी मनाचा हिय्या करून किनाऱ्यावर आले. तू कमरेएवढ्या पाण्यात त्या जाड्या साहेबांना शिकवत होतास. तो गृहस्थ फळीवर उभा राहायचा आणि धपकन पडायचा. नाकातोंडात पाणी, अगदी रडकुंडीला आलेला. मी मोजलं, एकोणीस वेळा पडला. एकोणीस वेळा तू त्याला उचललंस, भिऊ नका, मी धरलंय म्हणालास, आणि एकदाही तुझ्या कपाळाला आठी नाही. विसाव्या वेळी तो उभा राहिला, दोन श्वास राहिला असेल, आणि तुझ्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. मी वाळूतच बसून राहिले. तुला मी लहानाचं मोठं केलं. दुकानात टिकला नाहीस, आमच्या कारखान्यात आठ दिवसांत भांडून बाहेर पडलास. मला वाटायचं, याच्या अंगात धीर नावाची गोष्टच देवाने घातली नाही. आणि इथे हा एवढा साठा! मला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. मेल्या, हा धीर घरी का नाही कधी आणलास? आणि मागोमाग वाटलं, आता याला इथून उठवू कशी? म्हणून निघताना नुसतं नीट जेवत जा म्हटलं आणि बसमध्ये चढले.

आता ऐक. माझ्या पोटात गाठ आहे. पिशवी काढायची आहे, येत्या सोमवारी. मरत नाही मी, डॉक्टरीणबाईंना तीनदा विचारून घेतलंय, उगाच रडत बसू नकोस. पण तीन महिने काही उचलायचं नाही, आणि आईला दिवसातून चार वेळा उचलून कुशीवर वळवावं लागतं. एक बाई ठेवून पाहिली, तर आई तिला चावली. आणि मी शहाणीने तुझ्याकडे यायच्या आधीच आईला सांगून टाकलं, धाकटा येतोय म्हणून. तेव्हापासून ती दाराकडे तोंड करूनच पडून असते. दुसऱ्या कुशीवर वळवलं की ओरडून घर डोक्यावर घेते. काकूंचंही तिने ऐकलं नाही. त्या एकाच बाजूची कातडी लाल झाली होती, आज सकाळी फुटली. सोमवारच्या आत ये.

तुझीच,
खेकसणारी ताई