एकशे बावीस मीटरवरचा हूक

शिओहामा, कामगार निवास
मंगळवार, ४ ऑक्टोबर २०१६

इवाओदादा,

नमस्कार. तुमची पाठ कशी आहे? तोमिए वहिनींचा खोकला गेला का? इकडे मी बरा आहे. हात्सुएने घरून मुळ्याचं लोणचं पाठवलंय, त्याच्या वासाने शेजारच्या खोलीतला वेल्डर नाक दाबून फिरतोय. तरी जेवायला बसलं की वाटी पुढे करतोच.

अकरा वर्षं नववर्षाला संत्र्यांची पेटी सोडून मी तुम्हाला काही पाठवलं नाही, आणि आज एकदम पत्र. तुम्ही म्हणणार, तोकूला काहीतरी हवंय. हवंय. पण आधी कामाचं सांगतो.

इथल्या खाडीवरच्या जुन्या कागद कारखान्याचं धुराडं आम्ही उतरवतोय. दीडशे मीटर, काँक्रीटचं. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला वस्ती, त्यामुळे आडवं पाडायची सोय नाही. आपलं जुनंच काम, वरून कुरतडत खाली यायचं. माथ्याभोवती गोल मचाण, रोज दीड मीटर भिंत फोडायची, तुकडे आतल्या पोकळीत ढकलायचे, मग मचाण तेवढंच खाली घ्यायचं. आज एकशे अडतीसवर आहोत. तुम्ही म्हणायचात ना, 'दिवसभर राबून स्वतःच्याच पायाखालचं खाणारे आपण एकटेच.' ते मी इथे माझं म्हणून खपवतो. लोक हसतात.

आज काम बंद आहे. वाऱ्याने सेकंदाला दहा मीटरचा आकडा ओलांडला की उतरायचं, हा नियम. पूर्वी असं उतरवलं की माझी चिडचिड व्हायची. हल्ली सकाळी उठलो की आधी फाटकावरचा झेंडा बघतो, जोरात फडफडतोय का म्हणून. दादा, मला भीती वाटते. हे हात्सुएलाही सांगितलेलं नाही. लिफ्टला वर जायला आठ मिनिटं लागतात, तेवढा वेळ मी डोळे मिटून घेतो आणि म्हणतो, झोप राहिलीय. वर पोचल्यावर डावा हात कठडा सोडत नाही. मग मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालतो, तेव्हा कुठे एकेक बोट सुटतं.

आता खरी बातमी. इथली सुरक्षा प्रमुख तुमची लेक चिझुरु आहे. तिने सांगितलंच असेल. पहिल्या दिवशी पायथ्याशी मीठ टाकलं, साके ओतली, सगळ्यांनी टाळ्या वाजवून हात जोडले, आणि मान वर करतो तर समोर हेल्मेट घातलेली ही. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन शेजारी येऊन बसली.

"काका, जत्रेत मी तुमच्या खांद्यावर बसायचे, आठवतं?"

"बसायचीस आणि केस उपटायचीस. बघ आता काय उरलंय ते," मी हेल्मेट काढून दाखवलं.

"लोकांसमोर मात्र इसोझाकी-सान म्हणेन हं. आणि ओरडेनसुद्धा."

ओरडते. तुमच्यासारखीच, ओठ न हलवता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सभेत तिने ते पत्रक वाचलं. तुम्हाला ठाऊक नसेल, कंपनीचं अपघातांचं एक पत्रक असतं, दर साइटवर सुरुवातीला वाचतात. 'एक मुकादम, वय एक्कावन्न. जागा बदलताना सुरक्षापट्ट्याचा हूक अडकवला नाही. नऊ मीटर खाली पडला. कारण, स्वतःचा निष्काळजीपणा.' नाव नसतं. मी हे अकरा वर्षं ऐकतोय. तिने आवाज न बदलता वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. मी बुटांच्या नाड्या बांधत राहिलो.

तर मागणं असं. येत्या सतरा तारखेला ती पाहणीला वर येणार आहे, अख्खा दिवस. नियमाप्रमाणे तिचा जोडीदार मुकादम, म्हणजे मी. वर वारा फार असतो हो. तुम्ही तिचे वडील आहात. तिला म्हणा, खालूनच बघ, हल्ली कॅमेरे असतात. तेवढा एक फोन करा.

तुमचा,
तोकुजी


शिओहामा
रविवार, ९ ऑक्टोबर

दादा,

तुमचं उत्तर नाही. निरोप मात्र मिळाला. शुक्रवारी चिझुरु मला गाठून म्हणाली, "काका, बाबांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, तोकूला वाऱ्याची भीती कधीपासून वाटायला लागली?" ती हसत होती. मीही हसलो. मग शौचालयात जाऊन पाच मिनिटं दार लावून उभा राहिलो.

वाऱ्याची नाही, दादा.

आज सुट्टी. नाक्यावरच्या धुलाईच्या दुकानात बसून लिहितोय, समोर यंत्रात माझेच कपडे गरगरतायत. इथे कुणी ओळखीचं येत नाही. आता लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

मी विसाव्या वर्षी कामाला आलो तेव्हा कठड्याची रीत तुम्हीच मला शिकवलीत. जागा बदलली की दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. दुसऱ्याच्या हुकाकडे हात लांब करून बोट दाखवायचं आणि पोटातून ओरडायचं, 'हूक, ठीक!' मग त्याने आपला बघायचा. दिवसातून पन्नास-साठ वेळा. मी लाजलो होतो, शाळेतल्या कवायतीसारखं वाटलं. तुम्ही माझ्या हेल्मेटवर टपली मारलीत आणि म्हणालात, 'बोट गेलं की डोळा जातो, मूर्खा. ओरडलं की झोप उडते. म्हणून करायचं.'

त्या दिवशी मी तुमच्याकडे बोट केलं होतं. 'हूक, ठीक' म्हणालो होतो. आवाजही चांगला खणखणीत होता, खालच्या माणसाने चौकशीत तसं सांगितलं. पण समोरच्या गोदीतून नवं जहाज बाहेर काढत होते, मोठं, निळं, चार बोटी त्याला ओढत होत्या. मी ते बघत होतो. माझं बोट तुमच्याकडे, तोंड तुमच्याकडे आणि डोळे जहाजावर. मग तुम्ही एक पाऊल मागे टाकलंत. तिथे तुम्हाला धरून ठेवणारं काही नव्हतं.

इस्पितळात चौकशीवाले आले तेव्हा तुम्ही म्हणालात, 'मी अडकवायला विसरलो.' मी शेजारच्या खुर्चीत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. बस, एवढंच केलं. त्या मान हलवण्यावर माझं मुकादमपण उभं आहे. मग मी दोनदा तुमच्याकडे आलो, आणि पुढे साइट लांब आहे असं सांगत राहिलो. कुठलीही साइट तुमच्या मोजीपासून अकरा वर्षं लांब नसते.

हे माझं पाप झालं. पण आज लिहितोय ते नुसतं मन हलकं करायला नाही. सगळ्यात वाईट पुढेच आहे.

तुम्हाला पहिलं पत्र टाकल्यावर मी एक केलं. दुसऱ्या दिवशी वर माझ्या हाताखालच्या तागुचीच्या हुकाकडे बोट करून 'ठीक' ओरडलो आणि लगेच पाठ फिरवून स्वतःला विचारलं, काय पाहिलंस? हूक डाव्या दोरावर होता की उजव्या? हुकाचं तोंड मिटलेलं होतं का? दादा, मला काहीच आठवेना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. अडतीस वर्षांत घसा तयार झालाय आणि डोळ्यांनी काम सोडून दिलंय. आणि सतरा तारखेला माझ्या बोटासमोर ती असणार, तुमची एकुलती एक.

आजारी पडल्याचं सोंग करता येईल. पण मग तिच्यासमोर तागुची उभा राहील, आणि तो हे सगळं माझ्याकडूनच शिकलाय.

तिला थांबवा. कारण काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, खरंही सांगा हवं तर. मी नाकारणार नाही.

तोकुजी


मोजी
गुरुवार, १३ ऑक्टोबर

तोकू,

पेन्सिलने लिहितोय, उताणं पडून लिहिताना पेन चालत नाही. अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझं पत्र तोमिएला दिलं नाही. उशीखाली ठेवलंय.

जहाज निळं नव्हतं. हिरवं होतं, आणि खालची बाजू लाल. नाव रंगवायचं राहिलं होतं, नुसत्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या. मला नीट माहीत आहे, कारण मीही तेच बघत होतो.

तुझ्याआधी मी तुझ्याकडे बोट केलं होतं, आठवतं? मी मोठा, म्हणून पहिली हाक माझी. 'हूक, ठीक!' मी तुझा हूक पाहिला नव्हता, तोकू. तुझा अडकलेला होता, तेव्हा तू राहिलास. नसता तर या गादीवर तू असतास आणि पत्र मी लिहिलं असतं. किंवा लिहिलंच नसतं. मी तुझ्याहून भित्रा आहे.

मी विसरलो असं का सांगितलं? एकाने चूक पत्करली की चौकशी तिथेच संपते. दोघांचं निघालं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, बाकीचे तरी बघतात का? या धंद्यात हा प्रश्न कुणालाच नको होता, मलाही नको होता. तू त्याला माझा मोठेपणा समजून पेट्या पाठवत बसलास. संत्री आंबट असतात, दुकानदार बदल.

चिझुरुला मी थांबवणार नाही, आणि ती थांबणारही नाही. मी तिला खरं सांगणारही नाही, ते तू सांगायचंस. तुझं आणि माझं, दोन्ही. पण पायथ्याशी सांग, लिफ्टमध्ये चढायच्या आत. वर गेल्यावर माणसाला दोन पावलं मागे सरकायलाही जागा नसते, ते मला विचार.

बोट वर करायच्या आधी तोंड बंद ठेव. आधी बघ. तोंड आपलं आपण उघडेल.

इवाओ


शिओहामा
मंगळवार, १८ ऑक्टोबर

दादा,

तुम्ही आता फोन जवळ घेऊन बसला असाल, म्हणून आधी हे लिहितो. चिझुरु सुखरूप आहे. आता बाकीचं.

काल सकाळी कवायत झाली, सभा झाली, आणि पहिल्या दिवशी मीठ टाकलं होतं तिथे, पायथ्याशी, मी तिला बाजूला घेतलं. तुमचं पत्र खिशात होतं, पण काढलं नाही, तोंडानेच सांगितलं. आधी माझं, मग तुमचं, शेवटी जहाज. ती हातमोजे घालत होती. एक घातला, दुसरा तसाच हातात राहिला.

"अकरा वर्षं बाबा ते अपघाताचं पत्रक माझ्याकडून पाठ करून घेत होते," ती म्हणाली. "परीक्षेत येईल म्हणून."

मी म्हणालो, "आज तागुचीला जोडीला घे. मी खाली थांबतो. माझ्या डोळ्यांचा मला भरवसा नाही, पोरी. मला फार भीती वाटते."

तिने दुसरा मोजा घातला. "म्हणूनच तुम्ही चला. बाकी कुणी घाबरलेलं नाही."

आठ मिनिटं मी डोळे उघडे ठेवले. पहिल्यांदाच. रेल्वे, घरांची छपरं, वाळत घातलेल्या गाद्या, सगळं लहान होत गेलं, तरी बघत राहिलो. ती समोर उभी होती.

वर वारा जेमतेम पाच होता. पाहणी करत करत आम्ही मचाणाच्या समुद्राकडच्या बाजूला आलो. तिथे दोराचा टप्पा बदलतो. आता दोन हूक असतात, पहिला नव्या दोरावर अडकवायचा, मग दुसरा जुन्यावरून काढायचा. तिने पहिला अडकवला. टक् असा आवाजही आला. तिचा हात दुसऱ्या हुकाकडे गेला आणि मी बोट केलं. दादा, तोंड सवयीने उघडलं होतं, 'हूक' म्हणून झालं होतं, 'ठी'पर्यंत जीभ गेली होती. मी ती दातांत धरली आणि पाहिलं.

हूक दोरावर दिसत होता. पण दोर त्याच्या आत नव्हता. तिच्या जॅकेटची किनार हुकाच्या तोंडात अडकली होती आणि हूक नुसता दोराला टेकला होता. टक् वाजलं होतं ते कापडावर.

"नाही," मी म्हणालो.

तिला कळलं नाही. "काय?"

"नाही! हूक नाही! हात काढ तिथून!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो की पलीकडे भिंत फोडणारा ब्रेकर थांबला.

तिने खाली पाहिलं. कापड सोडवलं, हूक पुन्हा अडकवला, दोर ओढून बघितला. मी बोट केलं आणि पाहिलं. डावा दोर, तोंड मिटलेलं, दोर आत, पिवळ्या हुकावर ओरखडा. मग 'ठीक' म्हणालो, पण आवाज फुटला. त्यानंतर मी मचाणावर बसकण मारली.

तागुची वाकून माझ्याकडे बघत होता. "मुकादम, असं 'नाही' म्हणता येतं होय? एवढ्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं." कुणीच हसलं नाही.

चिझुरु म्हणाली, "उठा. अजून तुमचा बघायचाय." मी उठलो. तिने बोट केलं आणि बघत राहिली. किती वेळ ते सांगता येत नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "हूक, ठीक." ती रडत होती, पण नजर हुकावरून हलली नाही.

आज सकाळच्या सभेत तिने पत्रक काढलं. शेवटची ओळ पेनाने खोडलेली होती. तिने वाचलं, "कारण, दोन माणसांनी एकमेकांकडे बोट केलं आणि दोघंही जहाज बघत होते. त्यातला एक माझे वडील. दुसरे इथे आहेत." मी हात वर केला. सगळे वळून बघायला लागले. हात खाली घ्यावासा वाटत होता, घेतला नाही. नवं पत्रक कंपनीकडे जाणार, मला बोलावणं येणार, मुकादमपण बहुधा जाईल. जाऊ दे. तोपर्यंत धुराडं उतरतंय, आज एकशे वीसवर आहोत.

जेवताना ती शेजारी बसली नाही. दुपारी मचाणावर मला इसोझाकी-सान म्हणाली, आणि तिथे दुसरं कुणीच नव्हतं. ते तिचं बरोबर आहे. भीतीही गेलेली नाही, आज पुन्हा कठडा सोडवेना. पण आता ती भीती मी लपवत नाही.

शनिवारी सुट्टी आहे. दुपारच्या गाडीने मोजीला येतोय. संत्री आणणार नाही. मी दारात उभा राहीन तेव्हा तोमिए वहिनींना सांगून तुमची चाकाची खुर्ची जवळ आणवा आणि मला नीट बघा, अगदी सावकाश. मग 'ठीक' म्हणायचं की 'नाही', ते तुम्ही ठरवा. जे म्हणाल ते ऐकायला मी उभा असेन.

तोकू