दांडीचं माप

प्रिय ठमाबाई,

तुझ्या बापाला लिहायचा कंटाळा, हे जगजाहीर आहे. 'दार शनिवारी मिळेल' एवढी पाटी लिहायलाही मी तुझ्या आईला बसवायचो. तरी आज रंधा बाजूला ठेवून बसलोय. फोनवर सांगायला गेलो तर इकडचं तिकडचं बोलून ठेवून देईन. बावीस वर्षं तेच करत आलोय. गोष्ट आपल्या कोंबड्यांची आहे, आणि त्यात चूक कोणाची होती हे तुला कळायलाच हवं.

आधी इकडची खबर. गेल्या महिन्यात मी आठ तलंगा आणल्या, अजून अंड्यावर न आलेल्या. तुझा दादा म्हणाला, या वयात हे काय नसतं खूळ. घर खायला उठतं, असं काही मी त्याला सांगितलं नाही. सध्या त्यांना खुराड्यातल्या आडव्या दांडीवर झोपायला शिकवणं चाललंय. अंधारून आलं की सगळ्या एका कोपऱ्यात ढीग करून बसतात. मग एकेकीला दोन्ही हातांनी उचलायचं, दांडीवर ठेवायचं आणि पायांची पकड बसेपर्यंत छातीखाली तळवा धरायचा. उजेड असला तर लगेच खाली उडी मारतात, काळोखात दिसत नाही म्हणून गप बसतात. असं आठ-दहा दिवस रोज करायचं. त्यातली तपकिरी तर महामाया आहे. तिला ठेवून मी वळतो तोवर ती माझ्याआधी खाली. माझे गुडघे जातात, तिचं काय जातं?

परवा तिला पाचव्यांदा उचलताना तू डोळ्यांसमोर आलीस. शाळेचा निळा फ्रॉक, केसांत लाकडाचा भुसा आणि दांडीसमोर दोन्ही हात पसरून उभी. अकरा वर्षांची होतीस, आणि तेव्हा तलंगा वीस होत्या. तू वीसच्या वीस वर ठेवायचीस आणि त्या टणाटण उतरून अंडी घालायच्या खोक्यांत शिरायच्या. तिथे जागा न मिळालेल्या कोपऱ्यात एकमेकींवर चढायच्या. मी कामावरून यायचो आणि तुझ्यावर डाफरायचो. लक्ष नाही, चिकाटी नाही, दादाकडे बघून शीक जरा. तू उलट बोलायची नाहीस. दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी जाऊन उभी राहायचीस.

मग ती सकाळ. कोपऱ्यातल्या ढिगाखाली चार तलंगा गुदमरून मेल्या होत्या. आत्या आलेली होती, शेजारचे दोघं कुंपणाशी उभे होते. त्या सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "हिच्या हातात जीव द्यायची सोय नाही." तू रडली असतीस तर बरं झालं असतं. तू फावडं आणलंस आणि परसात खड्डा खणायला लागलीस. मी तुला थांबवलं नाही आणि मदतही केली नाही.

आता नीट वाच. त्याच दुपारी, तू शाळेत असताना, मी खुराड्यात वाकून टेप लावली. दांडी जमिनीपासून दोन फूट. खोकी तीन फुटांवर, तुझ्या आईला अंडी काढताना वाकावं लागू नये म्हणून. पाखरू झोपायला सगळ्यात उंच जागा शोधतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. लोकांची दारं-खिडक्या सुतासुतात बसवणाऱ्या मला ते कळलं नव्हतं. पडून पाय मोडतील म्हणून मी दांडी मुद्दाम खाली ठेवली, अतिशहाणा. तू त्यांना हजार वेळा ठेवलं असतंस तरी त्या तिथे राहिल्या नसत्या.

मी दांडी काढली, चार फुटांवर ठोकली आणि चढायला एक तिरकी फळी लावली. त्या संध्याकाळी निम्म्या आपल्या आपण वर गेल्या. उरलेल्या दादाने तीन दिवस उचलून ठेवल्या, कारण तुला खुराड्याकडे फिरकायला मी बंदी केली होती. आणि मग मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलो, नीट लक्ष घातलं की बघा कसं जमतं. दादाला शाबासकी मिळाली. तू दारात उभी राहून ऐकत होतीस, हे मी पाहिलं होतं.

तुझ्या आईला दोन फुटांवरची, दांडीच्या खिळ्यांची जुनी भोकं दिसली. पोरीला सांगा, एवढंच ती म्हणाली. मी हो म्हटलं. पण सुताराचं माप चुकलं हे स्वतःच्या लेकीसमोर कबूल करायची लाज वाटली, आणि जितका उशीर केला तितकी ती वाढत गेली. तू कॉलेजात गेलीस, नोकरीला लागलीस, लग्न झालं. दर वर्षी कधीतरी ती विचारायचीच, "सांगितलंत का?" शेवटच्या आजारपणातही विचारलं. तेव्हा मी हो म्हणालो. "बरं केलंत," म्हणून तिने डोळे मिटले. जाणाऱ्या माणसाशीही खोटं बोललो, ठमे.

काल जावईबापूंचा फोन आला. बाळ तीन आठवड्यांचं झालं, दोघीही ठणठणीत, पण तू तिला आपण होऊन उचलत नाहीस म्हणाले. कोणी मांडीवर आणून दिलं की पाजतेस आणि लगेच दुसऱ्याकडे देतेस. आंघोळ सासूबाई घालतात, तू लांबून बघतेस. खोदून विचारलं तेव्हा तू त्यांना कोंबड्यांची गोष्ट सांगितलीस म्हणे, हसत हसत. खरंच असं झालं होतं का, बाबा, असं ते मला विचारत होते. लिहून कळवतो म्हणालो आणि फोन ठेवला. ते चार जीव तुझ्या हातून गेले नाहीत. ते माझ्यामुळे गेले, आणि मला ते त्याच दुपारी कळलं होतं. माफी मागायला मला तोंड नाही, आणि तू माफ नाही केलंस तर तेही बरोबरच आहे. फक्त एवढं ऐक. हा कागद खाली ठेव, आणि तिला उचल.

तुझाच अपराधी,
बाबा