शेवटच्या विसळणीचं पाणी

१९ ऑगस्ट, गुरुवार

तीन वर्षं माझ्या घरात राहिलीस, माझ्या हातचं जेवलीस, आणि जाताना सरांच्या टेबलावर अर्ज ठेवलास तो काय, तर "माझ्या हातात सफाई नाही, संशोधनाची जागा दुसऱ्या कुणाला द्यावी." मला तो ऑफिसातल्या कारकुनानं वाचून दाखवला, चार माणसांत. घरात बसलेल्या आजीला आधी सांगायचं असतं, एवढीही रीत शिकली नाहीस.

ठकूला आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देतेय. मी बरी आहे, जेवते, झोपते. गुडघा आहे तिथंच आहे. खिडकीतलं तुझं झाड मेलं. ते तूच मारलंस, जायच्या आधी आठवडाभर त्याला पाणी नव्हतं. लॅबमधलं शेवाळ मात्र जिवंत आहे, हिरवंगार. त्याला कुणाचं काय पडलंय.

त्या शेवाळाचं तू मला इतक्यांदा सांगितलंस, की मीही परीक्षेला बसू शकेन. एकेक पेशी, तिला दोन शेपट्या, त्या हलवत ती पोहते. शेपटीच्या बुडाशी बारीक दोरे, आणि त्या दोऱ्यांतलं प्रोटीन कॅल्शियम पकडतं. पकडलं की दोरा आखडतो आणि शेपटी तुटून पडते. पाण्यात कॅल्शियमच नसेल, तर आंबट औषध घालून कितीही डिवचलं तरी शेपटी जागेवर राहायला हवी. एवढंच तुला दाखवायचं होतं. आणि तुझ्या शेपट्या एका आठवड्यात राहायच्या, पुढच्या आठवड्यात पडायच्या. सर म्हणाले, तुझा हात एकसारखा चालत नाही. तू ताटावरून उठायला लागलीस. मला तर तुझाच राग यायचा. डबक्यातल्या त्या घाणीच्या शेपटीपायी माणसानं जेवण सोडायचं?

लॅबची लिफ्ट मार्चपासून बंद आहे. तू तरणी, तुला काय फरक पडणार. पण डिस्टिल्ड पाणी तिसऱ्या मजल्यावर आणि तुम्हा सगळ्यांच्या बाटल्या धुवायची माझी मोरी तळाला. आधी साबण, मग नळ, मग वरच्या पाण्यानं तीनदा विसळायचं, हे तीस वर्षं प्रत्येक नव्या माणसाला मीच शिकवत आलेय. एप्रिलपर्यंत कॅन घेऊन रोज दोनदा चढत होते. मग एकदा. मग गुडघा बरा असेल त्या दिवशीच.

बाकीच्या दिवशी काय केलं ते तुला कळलं असेल, शिकलेली आहेस. तरी लिहिते. कॅन नळाखाली धरला. तोच नळ, ज्याच्या पाण्यानं आपल्या किटलीच्या बुडाला कॅल्शियमचा पांढरा थर बसतो. बाटल्या लख्ख दिसत होत्या. लख्ख दिसतं ते स्वच्छ, असं मी धरून चालले. कुणालाही सांगितलं असतं तर कॅन खाली आला असता. पण मग ऑफिस म्हणालं असतं, म्हातारीला आता झेपत नाही. निवृत्तीनंतर मला सात वर्षं ठेवलंय, ते माझ्यासारखी बाटली कुणी धूत नाही म्हणून.

हे सगळं लिहिलं, पण खरं लिहायचं होतं ते अजून राहिलंच. जूनमध्ये तू वही घेऊन स्वयंपाकघरात आलीस. विचारलंस, "आजी, शेवटचं पाणी वरचंच ना गं?"

मी म्हणाले, "मग काय गटाराचं? आधी आपला हात बघ."

तू हात बघितलास. दोन महिने तोच बघत बसलीस, आणि तेच अर्जात लिहिलंस.

काल सरांकडे गेले आणि सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, कोणकोणत्या दिवशी. मला थोडंच आठवतंय. पण माझ्याकडे दवाखान्याचं कार्ड होतं. इंजेक्शन घेतलं की आठवडाभर गुडघा चालतो. कार्डावरच्या तारखा त्यांनी तुझ्या वहीशी लावून पाहिल्या. इंजेक्शननंतरच्या प्रत्येक आठवड्यात तुझ्या शेपट्या शाबूत. मग सर म्हणाले, "म्हणजे हिचा हात बरोबर होता."

मी म्हटलं, तर मग फाडा तो अर्ज. म्हणाले, अर्ज तिचा आहे, तुमच्या सांगण्यावरून कसा फाडू. सोमवारी दुपारी तो वर जाणार. गेला की जागा गेली.

मला बाटल्यांवरून काढून लेबलं चिकटवायला बसवलंय. ठीकच आहे. नवा माणूस मात्र बाटलीच्या गळ्याशी फेस तसाच ठेवतो, तो बघत बसायचं म्हणजे शिक्षाच. चिडायचं असेल तर चीड माझ्यावर, हवं तर जन्मभर बोलू नकोस. कामचुकारपणा केला तो गुडघ्यानं. खोटं बोलले ती मी. पण माझ्या खोट्यापायी स्वतःची जागा सोडलीस, तर तुझ्यासारखी बावळट तूच.

तू खरं विचारलंस तेव्हा खोटं बोललेली,
तुझी आजी

ता. क. उत्तर सरांना द्यायचं, सोमवारी दुपारच्या आत, आणि ते तू द्यायचंस. तुझ्या आईनं मध्ये पडून एक ओळही लिहायची नाही, माझी लेक असली तरी. मला उत्तर नको.