बिनजोत्याची घरं

९ जानेवारी १९३८, रविवार

‘ग्रेसफील्डच्या वस्तीवरच्या बायांनो आणि बाप्यांनो! ज्या जमिनीवर तुम्ही जन्मलात, तिच्यात मिरचीचं एक रोप लावायलाही तुम्हाला मळ्याची परवानगी लागते!’

येत्या शनिवारच्या सभेत माझ्या भाषणाची सुरुवात हीच. मोठ्याने म्हणून पाहिली, तर फळीच्या भिंतीपलीकडून मावशी ओरडली, “मिरची लावायला तुला कधी कोण नको म्हणालं? लाव की! नुसतं बोलतोस!”

ओमीटा मावशीने मला वाढवलं, शिंपीकाम शिकायला शहरात धाडलं, आणि आता माझ्या भाषणांवर पहिली टीका तीच करते. म्हातारपणीही मळ्यात उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहते. तिने काम सोडलं तर घराची जागा सुटते. मळ्याचा नियम!

११ जानेवारी

वाचनालयातून आणलेलं इतिहासाचं जाड पुस्तक संपलं. झोप उडाली.

हे बेट जंगलाने माजलेलं होतं. मग लहान लहान शेतकरी आले. तंबाखू, कापूस, थोडा मका. मग कोणाच्या तरी डोक्यात साखर शिरली. एका माणसाच्या हयातीत जंगल साफ! लहान शेतकरी साफ! राहिले मूठभर मालक, आणि जहाजांच्या तळाशी गुलाम म्हणून कोंबून आणलेले आमचे खापरपणजे. ऊस तोडायला माणूस कमी पडला की आणखी एक जहाज. माणूस मेला तरी स्वस्त, कारण साखर महाग!

आणि आज? खिडकी उघडली की ऊस. चर्चच्या भिंतीला ऊस. कबरीच्या कडेला ऊस. खायचं म्हटलं तर पीठ कॅनडाचं, तांदूळ समुद्रापलीकडच्या डेमेराराचा. चारही बाजूंना समुद्र, आणि आम्ही खातो दुसऱ्याच्या समुद्रातला खारवलेला मासा!

या ऑगस्टला म्हणे गुलामी सुटल्याला शंभर वर्षं होणार. बँड वाजतील. वाजू देत. मी विचारणार आहे — सुटलो तर गेलो कुठे? त्याच फडात, त्याच कोयत्याशी!

१५ जानेवारी, शनिवार

सभा रंगली! चौकात रमच्या दुकानासमोर माणूस मावत नव्हता. गेल्या जुलैत शहरात मजुरांनी केलेल्या दंग्यांनंतर लोकांचे कान उघडे आहेत.

मी म्हणालो, “आपली घरं अशी का? जोतं नाही, चुना नाही, नुसते दगड रचून वर ठेवलेली पेटी! कारण दगडी घर बांधायला मनाई आहे. का मनाई? मालकाची मर्जी फिरली की ‘उचल घर आणि चालता हो’ म्हणता यावं म्हणून!”

टाळ्या. मग मागून डार्नली ओरडला, “अरे, तेवढ्यावर तर माझं पोट आहे!” हशा. वस्तीतली घरं खोलून गाड्यावर घालून दुसरीकडे उभी करायची, हा डार्नलीचा धंदा. या माणसाला कशाचंच गांभीर्य नाही.

शेजारची अनडाइन मात्र हसली नाही. मळ्यातल्या मजुरांच्या तिसऱ्या टोळीत निंदणीला जाते, पदरात तीन पोरं. म्हणाली, “तुला काय, एल्काना! तू शिंपी. शब्दांना टाके घालतोस. आमच्या पोटाला कोण घालणार?”



१७ जानेवारी, सोमवार

मळ्याचा मॅनेजर हेन्सन घोड्यावरून दारात आला. उतरला नाही. मावशी कणीक मळत होती, तशीच पिठाच्या हातांनी बाहेर गेली.

“ओमीटा, तुझ्या भाच्याची जीभ आणि तुझं घर — दोन्ही माझ्या जमिनीवर राहणार नाहीत. काय ठेवायचं ते तू ठरव. तोडणी सुरू व्हायच्या आत.”

मी पुढे झालो तर मावशीने मला कोपराने मागे ढकललं. “साहेब, पोरगं गप्प बसेल. माझा शब्द.”

पोरगं! मी पस्तिशी ओलांडलीय.

तो गेल्यावर भांडलो. घर काय, कुठेही उभं राहील, म्हणालो. डार्नलीच्या भावाने पनामाच्या कमाईतून समुद्राकडचा माळ घेतलाय. सगळा खडक. ऊस उगवत नाही म्हणूनच तर मालकाने विकला! तिथे जाऊ.

मावशी म्हणाली, “घर नेशील रे. झाड कसं नेशील?”

दारातला नीरफणस. क्लेमेंटकाका पनामाला कालवा खणायला गेला त्या आठवड्यात तिने लावला. काका आला नाही. झाड आलं. ज्या वर्षी मळ्याने काम दिलं नाही, त्या वर्षी आम्ही दोघं त्याच झाडावर जगलो — भाजून, उकडून, घोटून. तिच्या नावावर या बेटात उभी असलेली तेवढी एकच गोष्ट. तीही दुसऱ्याच्या मातीत!

शब्द दिला तिला. दिला!

२२ जानेवारी, शनिवार

बोललो नाही.

२३ जानेवारी

चर्चमधून येताना अनडाइनने गाठलं. “काय रे, जिभेलाच टाका घातलास?”

“मावशीचं घर जाईल.”

“हां. म्हणजे आमची घरं जायची होती तोवर भाषण छान होतं.”

रागाने हातातली सुई दिवसभर चुकीच्या कापडात शिरत होती. ज्या बेटात माणसाचं तोंड बंद करायला बंदूक लागत नाही, नुसतं म्हातारीच्या झाडाकडे बोट दाखवलं की पुरतं, त्या बेटाने शंभर वर्षांचे बँड वाजवावेत!

२६ जानेवारी

मावशी आज गोड वागते. नीरफणस भाजला. सालीसकट निखाऱ्यावर, मला आवडतो तसा. “गप्प बसलास म्हणून सुकून चाललायस,” म्हणाली.

“सुकत नाहीये. सडतोय.”

“तोडणी संपू दे. मग बोल हवं तेवढं.”

तोडणी संपल्यावर माझ्या बोलण्याला कोण भितो? सोमवारी कोयते लागणार. पुढचे चार महिने मालकाला आमची गरज. तोडलेला ऊस पडून राहिला की आंबतो, पिकलेला उभा राहिला की वाळतो. मालकाचा जीव फक्त याच दिवसांत आमच्या मुठीत असतो! हे तिला सांगितलं. ती म्हणाली, “जेव.”

२८ जानेवारी, शुक्रवार

तोडला.

मी शहरात कापड आणायला गेलो होतो. आलो तर दार उघडं-बोडकं. नीरफणस आडवा. चीक वाहतोय. कच्ची फळं घोड्यांच्या टापांखाली. आणि आमच्या पायरीपर्यंत जमीन खणून उसाच्या बेण्यासाठी खड्डे!

झाडाची सावली नव्या ओळीवर पडते म्हणे. एका ओळीसाठी! मुळात साखर या बेटात शिरली ती अशीच — एक झाड, एक ओळ, एक झाड, एक ओळ. पुस्तकात वाचलं तेव्हा मला वाटलं, ती तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे!

धावत गेलो हेन्सनकडे. “मी गप्प बसलो होतो! ठरलं होतं ना!”

“घराबद्दल बोललो होतो,” तो म्हणाला. “झाडाबद्दल नाही. घर आहे ना जागेवर?”

मावशी पायरीवर बसून आहे. रडत नाही. त्याचीच भीती वाटते.

२९ जानेवारी, शनिवार

सकाळी तिने डार्नलीला बोलावलं. तो नेहमीसारखा पाचकळपणा करत आला, झाडाचा बुंधा पाहिला आणि टोपी काढली.

“डार्नली, सोमवारी घर खोलायचं. तुझ्या भावाच्या माळावर न्यायचं.”

“सोमवारी? ओमीटाताई, सोमवारी तोडणी लागते! मदतीला माणूस कुठून आणू?”

आमच्याकडची रीत — घर हलायचं असलं की वस्ती हात लावते. भिंती पुरुष उतरवतात, बाया रांधतात. पण ती रविवारची गोष्ट. तोडणीच्या पहिल्या दिवशी जो फडात दिसला नाही, त्याचं हंगामभराचं काम गेलंच. आणि मागोमाग घराची जागा.

“रविवारी करू की,” डार्नली म्हणाला. “म्हणजे उद्या.”

“सोमवारी,” मावशी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “तुझ्या जिभेला मी घातलेला टाका काढलाय. उद्या बोल.”

मी तिच्या पायाशी बसलो.

३० जानेवारी, रविवार

चर्चच्या अंगणात साबणाच्या खोक्यावर उभा राहिलो. खिशात जंगल होतं, जहाजं होती, शंभर वर्षं होती. एकही कागद बाहेर काढला नाही.

म्हणालो, “ओमीटाचं झाड तुम्ही पाहिलंत. उद्या सकाळी कोयता घरी ठेवा. हातोडा घ्या, आणि तिच्या दारात या.”

कोणी टाळी वाजवली नाही. पुरुष जमिनीकडे बघत होते. अनडाइन पोरांना ओढत निघाली. जाता जाता म्हणाली, “मी उद्या फडात जाणार. माझ्या भरवशावर राहू नकोस.”

तिला दोष देत नाही. ज्यांनी तिला ‘नाही’ म्हणणं एवढं महाग करून ठेवलं, त्यांना देतो.

३१ जानेवारी, सोमवार

उभ्या उभ्या लिहितोय. टेबल गाड्यावर गेलं.

आधी डार्नली एकटाच आला. मग चौघं. मग मोजणं सोडलं. पहिली भिंत उतरली तेव्हा हेन्सन घोडा दामटत आला — “थांबा! ओमीटा, राहा तू! झाडाची भरपाई देतो! पण ही माणसं फडात पाठव!”

मावशीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती रस्त्यापलीकडे बघत होती. अनडाइन, कोयता कमरेला, स्वतःच्या दारासमोर उभी. तिने कोयता पायरीवर ठेवला. आत गेली. आतून फळ्या उचकटणाऱ्या हातोड्याचा आवाज. मग तिच्या पलीकडच्या घरातून. मग खालच्या आळीतून. जोतं बांधू नका म्हणाले होते ना? नाही बांधलं!

डार्नली ओरडतोय, “अरे, मला एवढे गाडे कुठले!”

आणि मावशी, रस्त्यापलीकडे तोंड करून, मी आजवर एकाही सभेत काढला नाही एवढ्या मोठ्या आवाजात —

“अनडाइन! आधी खिडक्या काढ! भिंत मग!”