पिशवीवरचं कव्हर

धंतोली, नागपूर
८ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईस,
नंदिनीचा जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून आपल्या गावच्या भैयाजींच्या मिरचीच्या गाडीबरोबर ही चिठ्ठी. बाबांचं ऑपरेशन काल इथल्या हॉस्पिटलात झालं. पाठीला बारीक भोक पाडून डाव्या किडनीतला खडा फोडून काढला. थोडा चुरा राहिलाय, म्हणून पाठीतून एक नळी बाहेर काढून तिला पिशवी लावली आहे. लघवी त्यात येते. मी ती ओतते आणि माप सिस्टरला सांगते.

बाबांना त्या पिशवीची भारी लाज. हुडकेश्वरचे आपले घरशेजारी भेटायला आले, तर हे काहून लोकाईले दाखवून राहिली म्हणून माझ्यावरच चिडले. तुमचाच भाऊ, रुबाब जाणार कुठे! काळजी नसावी.

लोभ आहेच, तो सध्या बाबांकडे जास्त वळवावा.
तुमची नंदिनी


भिवापूर
९ जानेवारी

चि. नंदिनीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी वाचून जेवण गोड लागलं. तुझ्या बाबाची, दादाजीची, लाज मला ठाऊक आहे. सदरा जुना असला तरी धुऊन घालायचा, आपल्या माणसांकडे कुणी बोट दाखवू नये, हे मीच त्याच्या डोक्यात भरलं. सोबत पिशवीला कव्हर शिवून पाठवते. मिक्सर, टीव्ही, कूलर, सगळ्यांना शिवून झाली होती, माझा भाऊच तेवढा राहिला होता. डॉक्टर यायच्या आधी पिशवी रिकामी करून कव्हर चढवत जा.

त्याच्या चिडण्याकडे लक्ष देऊ नकोस. माया ठेव.
बायजाबाई


धंतोली
१२ जानेवारी

ती. आत्याबाईस,
जयभीम.

बाबा आयसीयूत आहेत. शुक्रवारपासून थंडी वाजून ताप, पोट फुगलेलं. पिशवीत गढूळ, तपकिरी काहीतरी येत होतं आणि वास मारत होता. मला वाटलं, खड्याचा चुरा असेल, औषधं असतील. डॉक्टर यायच्या आधी मी ते ओतायची, पिशवी पुसायची, तुमचं कव्हर चढवायची. सिस्टरला माप तेवढं सांगायची. डॉक्टरांना वरून नुसती हिरवी फुलं दिसायची. आज सकाळी मी ओतायच्या आधीच ते आले, त्यांनी कव्हर ओढून काढलं आणि त्यांचा चेहराच उतरला. ती विष्ठा होती, आत्याबाई.

सीटी स्कॅनमध्ये दिसलं, किडनीकडे जाताना नळी मोठ्या आतड्यातून आरपार गेली आहे. हडकुळ्या माणसांत कधी कधी आतडं किडनीच्या मागे सरकलेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. हे केव्हापासून, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी शुक्रवार म्हणाले. आता ती नळी मागे ओढून आतड्यातच ठेवली आहे, म्हणजे घाण तिथून बाहेर येईल. किडनीसाठी आतून वेगळी नळी घातली. तोंडाने पाणीसुद्धा नाही. घाण पोटात पसरली नाही तर जखम आपोआप भरेल. पसरली तर पोट उघडावं लागेल, आणि या वयात ते झेपेल का, हे सांगायला कुणी तयार नाही.

मला फार भीती वाटते. ओतणारी मी, झाकणारी मी. मीच बाबांना मरणाच्या दारात आणलं.

माया असू द्या, मी तिच्या लायक नसले तरी.
नंदिनी


भिवापूर
१३ जानेवारी

चि. नंदिनीस,
आशीर्वाद.

कव्हर मी शिवलं, सल्ला मी दिला, तू एकटीने ओझं घेऊ नकोस. माय गेल्यावर दादाजीला मी कडेवर वाढवलं आहे. बुद्धवंदना म्हणायला बसते आणि मध्येच शब्द विसरते. मला बहिरीला काही ऐकू येत नाही, तरी दाराशी कुणाची सावली पडली की उठून बघते. जे असेल ते खरं लिही. धीर धर, असं तुला लिहिते आहे, मला स्वतःला धरवत नाही.

बायजाबाई


धंतोली
१६ जानेवारी

ती. आत्याबाईस,
जयभीम. वि. वि.

ताप थोडा उतरला आहे. उद्या पुन्हा सीटी. आतडं भरत नसेल तर उद्याच पोट उघडणार. बाबांच्या दोन्ही हातांना सुया आहेत, म्हणून पुढचं ते सांगतात आणि मी लिहिते. एक शब्द बदलायचा नाही अशी ताकीद आहे.

बाई, जयभीम. मले उद्याचं लय भेव वाटून राहिलं. वास मले शुक्रवारी, पहिल्याच दिवशी आला होता. लघवीचा वास असा नसते, हे मले समजत होतं. पण ती सिस्टर आपल्या नातीएवढी पोरगी, तिच्यासमोर बोलाले लाज वाटली. म्यानंच नंदिनीले म्हटलं का लवकर ओत, झाकून टाक. तिनं डॉक्टरले माझं नाव सांगतलं नाही, सारं आपल्यावर घेतलं. तवापासून पोरगी मले डोळ्याले डोळा देत नाही. तिले तू लिही वं बाई, का तिचा काही दोष नाही. उद्या माझं काही झालं तर तिच्याजवळ एवढं तरी राहील.

आत्याबाई, ते शेवटचं, माझा दोष नाही हे, माझ्याच्याने लिहवेना. बाबांनी डोळे मिटून पुन्हा तेच सांगितलं, मग लिहिलं का म्हणून विचारलं. लिहिलं आहे.

उद्या दिवसभर तुमची माया इकडेच असू द्या.
नंदिनी